आईच्या तीन जन्मतारखा

माझ्या आईला तीन जन्मतारखा आहेत. पॅन कार्डावर १ जून १९५९, आधारवर १ जानेवारी १९६१, आणि तिला विचारलं तर "दसऱ्याच्या आसपास, घट बसलेले होते". आजीनं तिला तेवढंच सांगितलेलं आणि तेवढ्यावर तिचं साठ वर्षं काही अडलं नाही. अडलं ते बाबा गेल्यावर.

बाबा ऑगस्ट २०२२ मध्ये गेले. दहावं-तेरावं झालं, पाहुणे परतले, दादा मुंबईला गेला आणि मी पुण्याहून वर्क फ्रॉम होम घेऊन गावी थांबले (आमचं गाव कराडच्या बाजूला). म्हटलं महिनाभरात सगळी कागदपत्रं उरकून टाकू, मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन, संपलं. महिनाभर! वर्ष गेलं.

पहिल्यांदा बँकेत गेलो. खातं जॉइंट होतं, तिथं अडचण यायचं कारण नव्हतं. काउंटरवरच्या मुलीनं आईचं आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाली, मॅडम, ह्या दोघी वेगळ्या आहेत. मी म्हटलं दोघी कोण, ही एकच बाई आहे, तुमच्यासमोर बसलीय. तर म्हणाली जन्मतारीख जुळत नाही, नावाचं स्पेलिंग जुळत नाही, आणि पॅन-आधार लिंक पण नाहीये. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मी काय केलं गं?"

आता हे तीन तारखांचं काय प्रकरण ते सांगते, कारण ज्यांच्या घरात साठीच्या पुढची माणसं आहेत त्यांच्याकडे यातलं काही ना काही असणारच.

१ जून तर महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला हाताला धरून शाळेत नेलं की गुरुजी विचारणार जन्म कधीचा, घरचे सांगणार पेरणीच्या वेळचा, नाहीतर अमक्याच्या लग्नाच्या साली, मग गुरुजी पोर सहा वर्षांचं बसेल असं मागचं साल धरून १ जून ठोकून द्यायचे. माझे दोन काका, एक मावशी आणि आमच्या ऑफिसातले एक रिटायर झालेले साहेब, सगळ्यांचा वाढदिवस १ जून. आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पण तीच तारीख, आणि तो दाखला बघून बाबांनी कधीतरी एफडीसाठी तिचं पॅन काढलं म्हणून पॅनवर पण तीच.

आधारवरची १ जानेवारी कुठून आली ते शोधायला मला जास्त वेळ लागला. आधारची सुरुवात आपल्याच राज्यातून झाली, २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं, आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षात आमच्याकडे शाळेत कॅम्प लागला. सगळं गाव रांगेत. आई सांगते की लॅपटॉपवाल्या पोरानं विचारलं मावशी वय किती, ती म्हणाली असंल पन्नासच्या आसपास, त्यानं पन्नास टाकलं. दाखला वगैरे कुणी मागितला नाही, आणि तिनं पण नेला नव्हता. जन्मतारखेचा पुरावा नसेल तर तेव्हा नुसतं वय सांगून चालायचं, मग कार्डावर पूर्ण तारीख यायची नाही, फक्त "जन्म वर्ष १९६१" असं छापून यायचं. आमच्याकडचं ते जुनं लांबट पत्र अजून आहे, त्यावर तसंच आहे. पण कॉम्प्युटरला नुसतं वर्ष कुठं चालतंय, त्याला दिवस-महिना लागतोच, म्हणून तो आतल्या आत १ जानेवारी धरतो. गुरुजींचा १ जून तसा ह्याचा १ जानेवारी. पद्धत एकच, गुरुजी बदलले एवढंच.

गंमत म्हणजे सगळ्यात खरं वय आईच्या जुन्या मतदान ओळखपत्रावर आहे. तो लॅमिनेशनवाला तुकडा, फोटोत कुणाचाच चेहरा कुणाला ओळखू येणार नाही असा. त्यावर लिहिलंय १.१.१९९५ रोजी वय ३५. मी हिशोब लावला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला तेव्हा आई दुसरीत होती, हे तिला पक्कं आठवतं कारण त्यानंतर शाळा बरेच दिवस झाडाखाली भरायची. म्हणजे दसरा १९५९, फार तर १९६०. मतदान कार्ड बरोबर निघालं. पण त्यावर तारीखच नाही, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

नावाचं वेगळंच. आईच्या पिढीत लग्नात नवऱ्याच्या घरी नाव बदलायचे, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहायचं, म्हणजे आडनाव आणि मधलं नाव तर बदलायचंच, वर तिचं स्वतःचं नाव पण गेलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, माहेरचे वडील, माहेरचं आडनाव. बाकी सगळीकडे सासरचं. लग्न १९७७ चं, नोंदणी कुणी केलीय. म्हणजे जन्मतारखेचा जो एकमेव कागद आहे तो एका मुलीचा आहे आणि ती मुलगी म्हणजे ही बाई हे सांगणारा कागदच जगात नाही. तांदळावर लिहिलेलं पुसून भात झाला त्याचा.

(मी लग्नानंतर नाव बदललं नाही तेव्हा घरात आठवडाभर तोंडं फुगली होती. आता आई सगळ्या नातेवाईक मुलींना सांगत सुटलीय, बदलू नका बाई, बदलू नका.)

आणि ह्या सासरच्या नावात पण एक दीर्घ ई आहे, ती पॅनवर एका आयनं लिहिलीय, आधारवर डबल ई. मराठीत वाचलं तर काही फरक नाही. पण मराठीतलं नाव बघतंय कोण.

मग मी म्हटलं ठीक आहे, दुरुस्त करू, त्यात काय. ऑनलाइन साइट उघडली, आईचा आधार नंबर टाकला, कॅप्चा टाकला, ओटीपी पाठवला असं आलं. आणि शेजारच्या खोलीत कपाटावर ठेवलेला बाबांचा फोन टिंग वाजला.

घरात सगळ्यांच्या आधारला बाबांचाच नंबर होता. कॅम्पच्या वेळी घरात एकच मोबाइल, दुसरा कुणाचा देणार? दोन महिने झाले होते त्यांना जाऊन आणि तो फोन आम्ही बंद केला नव्हता, आई चार्जिंगला लावायची रोज. कशाला लावतेस असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती. त्या दिवशी त्यावर आईचा ओटीपी आला. मी तो बघून टाइप केला आणि मग बाहेर जाऊन थोडा वेळ ओट्यावर बसले.

असो. त्या सिमची मुदत संपत आली होती, दादाला फोन करून आधी रिचार्ज मारायला सांगितलं. तेव्हापासून ते सिम आम्ही जिवंत ठेवलंय.

पहिलं काम ठरलं नंबर बदलणे. तेव्हा हे ऑनलाइन होत नव्हतं, केंद्रावर माणूस न्यावाच लागायचा. कागद काही लागत नव्हता, तेव्हा फी पन्नास रुपये होती, आणि बोटं. सकाळी आठला जाऊन टोकन घ्यायचं, दिवसाला ठराविकच टोकनं, आम्ही दोनदा जाऊन परत आलो, एकदा टोकन संपलं म्हणून आणि एकदा सर्व्हर डाऊन म्हणून. तिसऱ्या दिवशी नंबर लागला.

आणि बोटं उठेनात.

आईची बोटं म्हणजे काय सांगू. भांगलण, खुरपणी, चूल, भांडी, वीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात आणि मग स्वतःच्या. अंगठा गुळगुळीत झालाय, मध्ये दोन आडव्या चिरा. पोरगा म्हणाला मावशी पुसा, पुसलं. दाबा, दाबलं. जरा तेल लावून बघा म्हणाला, मग रांगेतल्या कुणीतरी पर्समधून व्हॅसलीन काढून दिलं, मग गरम पाण्यानं हात धुऊन या, मग दहाच्या दहा बोटं. मशीनवर लाल लाइट. मागे पंचवीस माणसं उभी, प्रत्येकाकडे एकेक उपाय. आई शेवटी हात पदराला पुसत म्हणाली, "माझं बोट मलाच वळखंना व्हय रे?" आणि सगळे हसले, ती पण हसली, पण घरी आल्यावर संध्याकाळी दिव्याखाली बसून आपला अंगठा बघत होती.

त्या पोरानं (भला होता, खरंच भला होता, दिवसाला शंभर माणसांच्या शिव्या खाऊन पण मावशी मावशी करत होता) शेवटी डोळ्यांचं मशीन काढलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मला वाटलं आता ते पण लागायचं नाही, पण लागलं. नंबर बदलायला टाकला. पावती मिळाली, त्यावर एवढा लांबलचक नोंदणी क्रमांक, आणि सांगितलं की नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात. आमचं आठवड्यात झालं.

त्याच पोराला मी जन्मतारखेचं विचारलं. म्हटलं आधारवरची तारीख चुकीची आहे, ती बदलायची आहे. तो म्हणाला पुरावा काय आहे, मी दाखला दाखवला, तो म्हणाला हे नाव वेगळं आहे. मग राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात द्या, नाहीतर लग्नाचा दाखला आणा, आणि एक लक्षात ठेवा, तारीख एकदाच बदलता येते, चुकून काही गडबड झाली तर मग वरच्या ऑफिसपर्यंत पळावं लागेल. मी म्हटलं अहो पण खरी तारीख ही पण नाही आणि ती पण नाही. त्यावर त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. म्हणाला, "ताई, खरी कुठली ते राहू द्या. सगळीकडे सेम करायला सोपी कुठली ते सांगा."

त्या एका वाक्यानं माझे दोन महिने वाचले. मी खरं खोटं शोधत बसले होते, भूकंपाचे हिशोब लावत होते, मामाला फोन करून आजीच्या बाळंतपणांचा क्रम विचारत होते. सिस्टीमला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिला फक्त दोन रकाने सारखे दिसायला हवेत. आधार बदलणं अवघड आणि पॅन बदलणं सोपं, कारण पॅनची दुरुस्ती तेव्हा आधारच्या ई-केवायसीनं व्हायची, म्हणजे आधारवर जे आहे तेच उचलून पॅनवर यायचं, वेगळा पुरावा लागत नव्हता. तेव्हा जी तारीख निदान शाळेत गुरुजींनी पोर बघून लिहिली होती ती काढून टाकायची, आणि कॅम्पवाल्या पोराच्या अंदाजाची ठेवायची. आई एका दिवसात दीड वर्षानं लहान झाली.

तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं की, तेवढंच."

मध्ये एक प्रतिज्ञापत्राचं नाटक झालं. पेन्शनच्या कागदांत बाबांनी खूप वर्षांपूर्वी आईचं नाव टोपणनावानं दिलेलं, घरात त्यांना जे तोंडात बसलेलं ते. म्हणजे आता चौथं नाव. त्यासाठी नोटरीकडे जाऊन शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की खालील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. नोटरीच्या टपरीत बसून आईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली परत वाच. मग सही केली. सही करायला ती चौथीपर्यंतच्या शाळेत शिकली, सावकाश, एकेक अक्षर, आणि त्या सहीत तिचं नाव सासरचंच आहे. सहीखाली परत अंगठा घेतला त्यांनी, शाईचा. तो मात्र लगेच उठला.

पॅन दुरुस्त होऊन आलं फेब्रुवारीत. मग लिंक. तोपर्यंत लिंकिंगला हजार रुपये दंड होता, आधी फुकट होतं तेव्हा आमच्या घरात कुणाला पत्ता नव्हता. हे हजार रुपये भरायचे पण सरळ भरायचे नाहीत, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर चलन काढायचं, त्यात मेजर हेड ००२१, मायनर हेड ५००, वर्ष अमुक निवडायचं. माझ्यासारखी रोज कॉम्प्युटरवर काम करणारी बाई तिथं पंधरा मिनिटं अडकली, तर गावातल्या माणसानं काय करायचं, तो जाणार कॉम्प्युटरवाल्याकडे आणि हजाराचे तेराशे देणार. मार्चअखेर शेवटची तारीख होती म्हणून सगळीकडे झुंबड. आमचं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झालं आणि २८ मार्चला सरकारनं मुदत ३० जून २०२३ पर्यंत वाढवली. म्हणजे त्या केंद्रासमोरच्या रांगेत मी जो रक्तदाब वाढवून घेतला तो फुकट गेला.

लिंक केलं नसतं तर काय झालं असतं? पॅन निष्क्रिय, मग एफडीच्या व्याजावर वीस टक्के टीडीएस. ज्या बाईचं सगळं मिळून उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आसपास पण जात नाही तिला.

इथं एक गोष्ट बोलून घेते. आधार सक्तीचं नाही असं अजून लोक सांगतात, आणि कायद्याच्या भाषेत ते अर्धं खरं पण आहे. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक असा निकाल दिला, त्यात आधार कायदा टिकला, पॅनला जोडणं आणि सरकारी अनुदानासाठी मागणं टिकलं, पण बँक खात्याला आणि सिम कार्डाला सक्ती करायची नाही असं सांगितलं. मग २०१९ ला कायद्यात दुरुस्ती आली की ग्राहकानं स्वेच्छेनं दिलं तर बँक आणि टेलिकॉमवाले घेऊ शकतात. आता ही स्वेच्छा कशी असते ते सांगते. आईसाठी नवीन सिम घ्यायला गेलो, दुकानदार म्हणाला आधार द्या. मी मुद्दाम म्हटलं दुसरं काही चालतं का, मतदान कार्ड आहे. तो म्हणाला चालतं, पण मग ते मला जमत नाही, दुसरीकडे बघा. आई मागून दंडाला चिमटा काढतेय, देऊन टाक की. दिलं. स्वेच्छेनं.

झेरॉक्सचं तर विचारूच नका. आईच्या आधारच्या किती झेरॉक्स त्या वर्षभरात कुठं कुठं दिल्या मोजायचं मी सोडून दिलं. मे २०२२ मध्ये आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या एका कार्यालयानं पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणाला देऊ नका, मास्क केलेलं द्या, आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं होतं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. मास्क केलेलं म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, शेवटचे चार फक्त दिसतात. मी घेऊन गेले होते एकदा कौतुकानं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, हे अर्धं प्रिंट झालंय.

पण नुसतं रडगाणं गायचं नाहीये मला. माझा मावसभाऊ कामासाठी अर्धं वर्ष गावाबाहेर असतो, आधी त्याचं रेशन गावातल्या दुकानात पडून राहायचं आणि ते कुणाच्या घरात जायचं ते सगळ्यांना माहीत होतं. आता तो जिथं असेल तिथल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलतो. अंगठा लागला तर. त्याचा लागतो, तो अजून तिशीत आहे.

पेन्शनचा फॉर्म एप्रिलमध्ये भरला. तो एकदा परत आला कारण मृत्यूच्या दाखल्यावर बाबांचं मधलं नाव आद्याक्षरानं होतं. तो दाखला बदलून आणला, त्याचं रामायण वेगळं, ते इथं नको. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिली पेन्शन जमा झाली, बाबांना जाऊन एक वर्ष होत होतं. रक्कम सांगत नाही, त्यात पुण्यात माझ्या गाडीचं महिन्याचं पेट्रोल पण येणार नाही. आईनं त्यातले पाचशे काढून आणायला लावले आणि वर्षश्राद्धाच्या शिध्यात घातले.

मला वाटलं सुटलो. तर जानेवारी २०२४ मध्ये बातमी वाचली की पीएफच्या कामात जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार यापुढं धरणार नाहीत, यादीतून काढलंय. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही म्हणे. मी ती बातमी तीनदा वाचली. म्हणजे जी तारीख मानून आम्ही आईचं पॅन बदललं, एफडी बदलली, बँकेत बदललं, ती तारीख ज्या कार्डावर आहे ते कार्डच म्हणतंय की तारखेचं माझ्यावर घालू नका. दादाला फोन केला, तो म्हणाला आता काही करू नकोस, हात लावू नकोस, सगळं सेम आहे ना, झोप.

आणि मग हयातीचा दाखला. दर वर्षी पेन्शनवाल्यानं आपण जिवंत आहोत हे सांगायचं. पूर्वी बाबा बँकेत जाऊन सही करायचे, साहेब चहा पाजायचे. डिजिटल दाखला नोव्हेंबर २०१४ पासून आहे, जीवन प्रमाण नावाचा, पण तो बोटावर, म्हणजे आमचं आलं का कोडं परत. केंद्रावर दोन चकरा मारल्या, बोट नाही. तिथला माणूस म्हणाला आता चेहऱ्यानं होतं, मोबाइलवर घरीच करा.

घरी केलं. दोन अ‍ॅप टाकावी लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक चेहरा ओळखणारं. आधी ऑपरेटर म्हणून माझा स्वतःचा चेहरा दाखवायचा, मग तिचा. पेन्शनच्या आदेशाचा नंबर, खात्याचा नंबर, आधारवर जसं आहे तसंच नाव, तीच डबल ई. मग तिला खुर्चीत बसवलं. स्क्रीनवर गोल येतं आणि चेहरा त्या गोलात हवा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. आतल्या खोलीत उजेड कमी, म्हणून अंगणात आलो, अंगणात मागे तुळस आणि दोरीवरचे कपडे, म्हणून न्हाणीच्या पांढऱ्या भिंतीपाशी खुर्ची. आई फोटो काढायचाय असं समजून पदर सारखा करून श्वास रोखून बसली. मी म्हटलं डोळे मिचकाव. ती म्हणाली कशाला? म्हटलं जिवंत आहेस हे कळायला. तर तिला हसूच आवरेना, आणि हसली की चेहरा गोलाच्या बाहेर. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या, काय चाललंय म्हणून. आई म्हणाली, "जित्ती हाय का बघत्यात."

पाचव्यांदा लागलं. हिरवी खूण आली.

आता माझा मुलगा पाच वर्षांचा झाला, त्याचं ते निळं बाल आधार आहे, पाचव्या वर्षी बोटं आणि डोळे द्यायला लागतात, मग परत पंधराव्या वर्षी. आम्ही गेलो होतो गेल्या महिन्यात, फी नाही त्याला. त्याची दहा बोटं दोन मिनिटांत उठली, पोरगा खूश, मशीनवर हिरवा लाइट लागला की टाळ्या. त्याच्या जन्माच्या दाखल्यावर तारीख आहे, वेळ आहे, वजन पण कुठंतरी लिहिलंय. आजीला फोनवर सांगत होता माझी सगळी बोटं पास झाली.

आईला दर १ जानेवारीला बँकेचा मेसेज येतो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. पहिल्यांदा आला तेव्हा तिनं मला फोन करून विचारलं काय लिहिलंय. आता तिला माहीत झालंय, नवीन वर्षाबरोबर तो पण घेते. दसऱ्याला मी फोन करते तेव्हा विषय काढत नाही दोघी, पण त्या दिवशी ती पुरणपोळी खाल्ली का विचारून झाल्यावर फोन लगेच ठेवत नाही.

बाबांचं सिम अजून चालू आहे. आईचा नंबर बदलला, दादाचा आणि माझा कधीच बदललेला, पण गॅसचं कनेक्शन त्यांच्या नावावर आणि बुकिंग त्याच नंबरवरून होतं. ते आईच्या नावावर करायचं तर मृत्यूचा दाखला, आईचं आधार, रेशन कार्ड आणि वारसांचं ना-हरकत पत्र. रेशन कार्डावर आईचं वय अजून वेगळं आहे, ते मी कालच बघितलं. दिवाळीला चार दिवस सुट्टी आहे, तेव्हा जाऊन बघते.